तेवीस फोटोंतला माणूस

"मॅडम, हा लॅपटॉप चुकतोय," प्रज्ञा म्हणाली.

मी काउंटरमागे दुसऱ्या एका मशीनचं पोट उघडून बसले होते. मान वर न करता म्हटलं, चुकत असेल तर उत्तम, घ्यायच्या आधी कळलं. घेतल्यावर चुकला असता तर तू माझ्या डोक्यावर येऊन बसली असतीस. तिच्या काकांना हसू आलं. तिला आलं नाही.

कामोठ्यात माझं लॅपटॉपचं दुकान आहे. नवे ठेवते, आणि कंपन्यांतून निघालेले जुने दुरुस्त करूनही विकते. त्याआधी बारा वर्षं एका सर्व्हिस सेंटरमध्ये फक्त स्क्रीन बदलत होते. त्यामुळे रंगाच्या बाबतीत मी जरा खडूस आहे, हे कबूल करते. फोटोग्राफी शिकणारी पोरं माझ्याकडे येतात ती याच कारणाने. येताना यूट्यूबवरून पाठ केलेले आकडे घेऊन येतात. मी आकडे ऐकून घेते आणि सांगते, बाबा, तुझे स्वतःचे फोटो एका कार्डवर भरून आण, मग बोलू.

प्रज्ञा साळवे दुसऱ्या वर्षाला होती. सोबत काका. ते खांदेश्वरच्या एका शाळेत क्लार्क. बोलणं हळू, शर्टाच्या खिशात दोन पेनं. मुलीला आईवडील नाहीत, आई आधीच गेली होती, चार वर्षांची होती तेव्हापासून मीच बघतो, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. मोठेपणा मिरवायला नाही. लॅपटॉप नीट निवडून द्या, आम्हाला पुन्हा पुन्हा जमणार नाही, एवढंच त्यातून म्हणायचं होतं.

मी तीन लॅपटॉप काढून ठेवले होते. पहिला गेमवाल्या पोरांचा, ताकदवान, पण स्क्रीन फिकट. दुसरा पातळ, चकचकीत, बघताक्षणी प्रेमात पडावं असा. त्यात सगळे रंग लग्नाच्या मांडवासारखे दिसतात, आणि तोच त्याचा दोष. तिसरा एका कंपनीतून आलेला, जाड, दिसायला दगड. पण त्याचा स्क्रीन खरं बोलतो. मनात मी तिसराच तिच्या नावावर लिहिला होता. पण गिऱ्हाइकाला आपल्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय पटत नाही.

माझी परीक्षा घ्यायची पद्धत सांगते. फोटोवाले 'रॉ' फाइल वापरतात. म्हणजे कॅमेऱ्याने काही न शिजवता ठेवलेलं कच्चं चित्र. ते जड असतं. अशी तीन हजार चित्रं मशीनमध्ये ओतायची आणि फोटोच्या सॉफ्टवेअरला सांगायचं, यातले चेहरे ओळख. ते प्रत्येक फोटो उघडतं, चेहरे शोधतं, एका माणसाचे सगळे फोटो एका गटात टाकतं. या कामाला मशीनचा घाम निघतो. अर्ध्या तासात कळतं, कोण तापतो, कोण दमतो, कोणाचा पंखा बोंबलतो. मला चेहऱ्यांशी काही देणंघेणं नसतं. मी पंखा ऐकत बसते.

प्रज्ञाच्या कार्डवर दोन प्रकारचे फोटो होते. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ती सात महिने मजूर नाक्यावर जात होती. कामोठ्याच्या बाहेर हायवेला लागून सकाळी माणसं उभी असतात ना, थापी, फावडं, रंगाचा ब्रश घेऊन, कुणीतरी कामाला न्यायची वाट बघत, तिथे. आणि थोडे घरातले जुने फोटो, दुसऱ्या एका असाइनमेंटसाठी मोबाइलने कॉपी केलेले.

"काय चुकलं?" मी उठून बघायला गेले.

पहिल्या मशीनने गट पाडले होते. काकांचा गट, काकूंचा, मैत्रिणींचे, नाक्यावरच्या माणसांचे. त्यातल्या एका गटात तेवीस फोटो होते. पहिला फोटो जुना, फ्रेममधला, हार घातलेला. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा माणूस, उजव्या भुवईत खाच. बाकीचे बावीस नाक्यावरचे.

"हे माझे बाबा आहेत," तिने फ्रेमवर बोट ठेवलं. "ते मी लहान असताना गेले. पवण्याला कंपनीला आग लागली होती."

मी तिला समजावलं, की हे सॉफ्टवेअर काही देव नाही. ते डोळ्यांतलं अंतर मोजतं, नाकाची लांबी मोजतं, हनुवटी मोजतं आणि अंदाज बांधतं. भावाभावांत गोंधळतं, बापलेकांत गोंधळतं. माझ्या दोन मावश्या त्याने एकच करून टाकल्या होत्या, आणि त्यांचं आयुष्यभर पटलं नाही. काका पुन्हा हसले. पण मला एक गोष्ट खटकली. गोंधळायचंच होतं तर सॉफ्टवेअरने काकांना आणि त्या फ्रेमला एकत्र करायला हवं होतं. सख्खे भाऊ. त्यांना त्याने बरोबर वेगळं ठेवलं होतं.

म्हटलं, दुसऱ्यावर टाकू. दुसऱ्यात सॉफ्टवेअरही वेगळ्या कंपनीचं होतं. आम्ही चहा मागवला. दुपारची वेळ, रस्त्यावर कुणी नाही, दुकानात फक्त पंख्याचा आवाज. अर्ध्या तासाने मीच आधी स्क्रीनकडे बघितलं. तोच गट. वर एक प्रश्न लिहून आला होता: ही एकच व्यक्ती आहे का? खाली होय, नाही अशी दोन बटणं.

प्रज्ञाने काकांकडे बघितलं. काका चष्मा पुसत होते. पुसतच राहिले.

आता खरं तर मी थांबायला हवं होतं. पण माझा स्वभाव नडला. काही अडलं की मला ते सुटेपर्यंत चैन पडत नाही. मी कार्ड काढून तिसऱ्यात घातलं, त्यालाही तेच काम लावलं. मनात होतं, खऱ्या स्क्रीनवर मोठं करून दाखवते, भुवई बघा, कान बघा, वेगळा माणूस आहे, विषय संपला.

मोठं केलं. भुवईत खाच होती. उजव्याच.

माणूस पन्नाशीचा वाटत होता. असेल त्रेचाळीस-चव्वेचाळीसचा, पण उन्हाने पिकलेला. प्रत्येक फोटोत तो मागे होता. कुणाच्या खांद्यामागे, खांबाच्या कडेला, टेम्पोच्या पाठीशी. एकाही फोटोत पुढे नाही. नाक्यावरची बाकी माणसं कंत्राटदाराकडे बघत होती, रस्त्याकडे बघत होती, कुणी तंबाखू मळत होता. हा एकटा इकडे बघत होता. बावीसच्या बावीस फोटोंत. मी आणखी मोठं केलं. तो कॅमेऱ्यात बघतच नव्हता. नजर भिंगाच्या जरा वर होती. कॅमेरा डोळ्याला लावलेल्या मुलीच्या कपाळावर.

सात महिने. वेगवेगळे कपडे, थंडी, ऊन, कानाला मफलर, आणि नजर तीच. मला भीती वाटली, उगाच कशाला खोटं बोलू. आमच्या म्हसळ्याच्या घरात, धर्मात बसत नाही म्हणून, भिंतीवर माणसांचे फोटो लावत नाहीत. लहानपणी मला वाटायचं, काय ही जुनी पद्धत. त्या दुपारी वाटलं, बरं करत होते.

"काका," प्रज्ञा म्हणाली, "बाबा आहेत."

"तुझा बाप गेला, बाळा. मी स्वतः अग्नी दिला."

"तुम्ही चेहरा बघितला होता?"

मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. गिऱ्हाईक येऊ नये म्हणून नाही, त्यांना आडोसा हवा होता. मग काका बोलले. माझ्याकडे बघून बोलले, कारण पुतणीकडे बघवत नव्हतं.

पवण्याच्या त्या कंपनीत कंत्राटी कामगारांना पास होता. आत जाताना पास गेटवर द्यायचा. वॉचमन तो फळीवरच्या खिळ्याला अडकवायचा. सुटताना परत घ्यायचा. खिळ्यावर पास राहिला, म्हणजे माणूस आत राहिला. आग विझली तेव्हा विलासचा पास खिळ्यावर होता. विलास म्हणजे प्रज्ञाचे वडील, काकांचे धाकटे भाऊ. आत जे सापडलं त्यावरून कोण ते कळणं शक्यच नव्हतं. पोलिसांनी काकांना पास दाखवला, मग ते दाखवलं, आणि विचारलं, हाच ना तुमचा भाऊ?

"मी होय म्हटलं," काका म्हणाले. "पण चादर पुरत नव्हती हो. पाय बाहेर येत होते. विलास माझ्यापेक्षा बुटका. ते माझ्या लक्षात आलं होतं."

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं. माझा आवाज चढला असावा.

"बाहेर सगळे उभे होते. ही खांद्यावर झोपली होती कुणाच्या तरी. मला वाटलं, आगीत माणसाचं काय होतं आपल्याला काय माहीत. मला ते लवकर संपायला हवं होतं."

पंधरा वर्षं त्यांनी हे पोटात ठेवलं होतं. दरवर्षी त्या दिवशी घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होत होता. वंदना, जेवण, फोटोला नवा हार. आणि दरवर्षी काकांना ते पाय दिसत होते. मला त्यांचा राग आला होता, तो तिथेच उतरला. त्यांच्या जागी मी काय केलं असतं, कुणास ठाऊक.

प्रज्ञाने अचानक विचारलं, "मग तुम्ही जाळलं कोणाला?"

तिसरा लॅपटॉप मात्र छान चालला होता, अजिबात तापला नव्हता. त्या अवस्थेतही मी ते नोंदवलं, सवय वाईट. मी म्हटलं, हा घ्या, मेमरी वाढवून आणि रंग जुळवून देते, दहा दिवस ठेवा माझ्याकडे. बाकी दोन मशीनमधले फोटो त्यांच्यासमोर पुसले.

दहा दिवसांनी प्रज्ञा एकटी आली. मी विचारणार नव्हते. तिनेच स्टूल ओढलं आणि सांगायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं नाक्यावर गेले होते. तो माणूस नव्हता. तिने फोटो दाखवला. लोकांनी लगेच ओळखलं. म्हणाले, हा आपला सुदाम. पंधरा दिवस झाले, येत नाही. तुम्ही म्हणालात ना, या फोटोंचं प्रदर्शन लागणार, त्या दिवसापासून दिसलाच नाही.

सुदाम हे नाव ऐकून काका तिथेच दुभाजकाच्या कठड्यावर बसले. सुदाम म्हणजे कामाच्या दिवसांत तुर्भ्याच्या खोलीत विलासबरोबर राहणारा पोरगा. उंच होता. त्याला स्वतःचा पास मिळाला नव्हता, म्हणून दुसऱ्या कुणाला सुट्टी हवी असली की तो त्याच्या पासवर आत जायचा. ही तिथली सर्रास पद्धत. पासवरचा फोटो गेटवर कोण बघतो, माणसं मोजून भरली की झालं. आगीनंतर सुदाम गावी निघून गेला, असं सगळे समजत होते. त्याचं नाव कुठल्या रजिस्टरात नव्हतं, म्हणून तो हरवल्याचंही कुणी लिहिलं नाही.

काकांना गावाचं नाव आठवत होतं. महाडच्या पुढे, डोंगरात एक वाडी. रविवारी दोघं तिथे गेले. वाटेत काका सारखे म्हणत होते, त्याच्या आईला काय सांगायचं, तोंड कसं उघडायचं.

सुदामची आई दारातच बसली होती. ऐंशीच्या पुढची, डोळ्यांत मोतीबिंदू, ऐकू कमी. काका म्हणाले, आम्ही सुदामच्या ओळखीचे, मुंबईकडचे. म्हातारीला आनंद झाला. त्यांना आत बसवलं. म्हणाली, बसा, आता त्याचा फोन येईल. रविवारी येतोच.

सांगताना प्रज्ञाने स्टूल आणखी जवळ ओढलं.

फोन आला. म्हातारीने स्पीकर लावला, कारण कानाला लावून तिला ऐकू येत नाही. आतून पुरुषाचा आवाज आला. "आई, जेवलीस का?" काका उठून बाहेर गेले. त्यांना आवाज कळला. प्रज्ञाला कळणं शक्यच नव्हतं, तिला तो आठवतच नव्हता. ती म्हणाली, काका उठले तेव्हा मला कळलं. म्हातारी भाताचं विचारत होती, गुडघ्याचं सांगत होती. तो हं हं करत होता, औषध घे म्हणत होता. घरी कोण आलंय, हे म्हातारी सांगणार इतक्यात रेंज गेली.

"तू काही बोलली नाहीस?" मी विचारलं.

"मी बोलले असते तर त्या आजीचा मुलगा मेला असता."

निघताना तिने म्हातारीच्या फोनमधून नंबर घेतला. हायवेवर एसटीची वाट बघत लावला. नाव सांगितलं. मग तो रडायला लागला आणि मग बोलला. तिने मला जे सांगितलं, ते असं.

त्या दिवशी विलासला ताप होता. पास सुदामला दिला आणि तो खोलीत झोपून राहिला. संध्याकाळी गोंगाट ऐकून गेटवर गेला. गर्दीत उभा राहिला. कुणीतरी यादी वाचत होतं. त्यात त्याने स्वतःचं नाव ऐकलं. पुढे होऊन सांगावं, मी आहे, असं त्याला वाटलं. पण सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग आत कोण? तो तसाच मागे वळला. खोलीवर परत आला. आत मोबाइल न्यायला बंदी, ठिणगीची भीती असते, म्हणून सुदामचा मोबाइल खोलीतच होता. तो वाजत होता. गावात बातमी गेली होती. त्याने उचलला. पलीकडून म्हातारी म्हणाली, सुदाम?

तो म्हणाला, हं.

एवढंच. त्या एका हं वर पंधरा वर्षं गेली. पहिल्यांदा वाटलं, उद्या सांगू. मग या रविवारी. मग पुढच्या. म्हातारीला तेव्हाही कमीच ऐकू यायचं, आणि गावी तो कधी गेला नाही, कामाची सबब सांगत राहिला. सुदामचे शाळेचे कागद ट्रंकेत होते, ते वापरले. नाक्यावर तर तेही कुणी मागत नाही. कामोठ्याचाच नाका धरला, कारण मुलगी कामोठ्यात वाढत होती. एक दिवस तीच कॅमेरा घेऊन समोर येऊन उभी राहिली. पळून जावं असं रोज वाटायचं आणि रोज तो यायचा.

"मी विचारलं, माझ्याकडे का नाही आलात?" प्रज्ञा म्हणाली. "तर म्हणाले, तुला काका होता. तिला कुणीच नव्हतं."

ती लॅपटॉपच्या झाकणावरून हात फिरवत होती. मग म्हणाली, "मला राग आला, मॅडम. खूप. अजून येतो. पण आता रविवारी दोन फोन करायचे. आधी आजीला, मग मला. तसं मीच सांगितलंय."

काका भेटले का त्याला, मी विचारलं. म्हणाली, भेटले. पनवेलला एका हॉटेलात दोन तास बसले. काय बोलले ते दोघांनीही सांगितलं नाही. घरातल्या फोटोचा हार काकांनी काढून टाकला. यंदाच्या कार्यक्रमात नाव सुदामचं घ्यायचं ठरलंय, घरातल्या घरात. त्याचा फोटो कुणाकडेच नाही. म्हातारीकडेही नाही.

पोलिसांत जायला हवं, हे मी बोलून दाखवलं. कायद्याने तेच बरोबर. ती म्हणाली, माहीत आहे, आजी आहे तोपर्यंत नको. मला पटलंय असं नाही. पण त्या वाडीत जाऊन म्हातारीला सांगायची माझीही तयारी नाही, मग दुसऱ्याला शहाणपण कुठल्या तोंडाने शिकवू.

लॅपटॉप उत्तम चालतोय. बॅटरी जरा कमी टिकते, ते मी आधीच सांगितलं होतं. गिऱ्हाइकांना मी अजूनही त्यांचेच फोटो आणायला सांगते, पण चेहरे ओळखायचं काम मशीनला देत नाही. मशीन तापवायचंच असेल तर एखादा मोठा व्हिडिओ द्यावा. वेळ तेवढाच लागतो.